भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

१

सकाळचं चॉकलेट पिऊन झालं, की दोन्या एमेरेन्सिया कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवत वरच्या मोठ्या दालनाकडे निघायच्या. इतक्या वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. चांदीच्या खाणींच्या साकातेकास शहरात बंडवाल्यांची फौज शिरली तेव्हाही नाही आणि राजाची फौज पळाली तेव्हाही नाही. दार उघडायचं, खिडकीची एकच फळी ढकलायची, पिसांच्या झाडणीनं लाल मखमलीचं छत्र झटकायचं. छत्राखाली राजाची तसबीर होती, ती स्वातंत्र्याच्या वर्षी उतरवली. आता तिथं भिंतीवर एक फिकट चौकोन उरला होता आणि चौकोनाखाली ती खुर्ची. सोनेरी मुलाम्याची, उंच पाठीची, तोंड भिंतीकडे.

किताब असलेल्या प्रत्येक घरात अशी एक खुर्ची असायची. राजा कधी दारी आलाच, तर त्याच्यासाठी. एरवी कुणी चुकून टेकू नये म्हणून ती उलटी ठेवायची. राजा राहायचा समुद्रापलीकडे. पेन्यासोलाच्या काउंटांना किताब मिळून सात पिढ्या झाल्या, एकदाही तो आला नाही. खुर्ची मात्र पुसली जात होती.

त्या जानेवारीत दालनाच्या उंबऱ्यावर लेओकादिया उभी होती. दोन्या एमेरेन्सियांची भाची, वय तिशीच्या आत, अंगावर नवऱ्यानंतर आता भावाच्या सुतकाचे काळे कपडे. भाऊ फेर्मिन नाताळाआधी गेला, मूलबाळ नसताना. काउंटचा किताब आपोआप तिच्याकडे आला, आणि तिला तो पायातल्या खड्याइतकाही नको होता. घर बंद करायचं, आत्याला सोबत घ्यायचं आणि आग्वासकालिएंतेसला सासरी परतायचं, एवढंच तिच्या मनात होतं. तिथं तिची सहा वर्षांची कासिल्दा आजीजवळ होती. निघताना पोरीनं तिचा हातमोजा ठेवून घेतला होता, "एक माझ्याकडे राहू दे, म्हणजे तू परत येशीलच." डाव्या हाताला थंडी वाजली, की लेओकादियाला ते आठवायचं.

"आत्या, राजाला हाकललं आपण," ती म्हणाली. "आता त्याची खुर्ची तरी विका."

"विकते हो. आधी तुझी जीभ विकते, तिला गिऱ्हाईक लवकर मिळेल."

हसत हसत आत्यांनी शालीआडून एक कोरडं फडकं काढलं, खुर्ची आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद फटीत हात घातला आणि भिंत पुसली.

"भिंत काय पुसता?"

"ओल येते गं जराशी."

पण साकातेकासच्या जानेवारीत ओठ फुटतात, दारं आकसून कुरकुरतात, धुतलेली चादर दोरीवर टाकायचा अवकाश, की कडक होते. शेवटचा पाऊस पडून चार महिने झाले होते. ओल कुठून येणार?

२

लेओकादिया आल्यावर भावासाठी मांडलेल्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या त्या दुपारी आत्यांनी विषय काढला.

"एक रीत राहिली आहे. नवीन वारसानं खुर्चीमागं उभं राहायचं, आपलं पूर्ण नाव आणि किताब सांगायचा. राजापुढची हजेरी."

"कुठल्या राजापुढची? आणि किताब तरी कुठं राहिला? खाली माणूस कशाला आलाय, ठाऊक आहे ना?"

खाली घराच्या दर्शनी भिंतीवर पाथरवट चढला होता. नव्या सरकारनं किताब रद्द केले होते आणि घरांवरची दगडी चिन्हं छिन्नीनं काढून टाकायचा हुकूम निघाला होता. पेन्यासोलाचं चिन्ह, एक बुरूज आणि त्याच्या दारात बसलेला कुत्रा, पहिल्या दिवशीच आत्यांनी वाचवायचा प्रयत्न केला होता. म्हणजे त्यांनी सज्जातून पाथरवटाच्या डोक्यावर भांडं धुतलेलं पाणी ओतलं होतं. तो भला माणूस, टोपी पिळून म्हणाला होता, "दोन्या, थंडी आहे, निदान गरम तरी करून ओतायचं."

"बाहेरचं तो काढतोय ना, काढू दे," आत्या आता म्हणाल्या. "माझं एवढं ऐक. मग म्हणशील तिथं येते तुझ्याबरोबर. शपथ."

नाव सांगण्यात लेओकादियाला अवघड असं काहीच नव्हतं. ते बाळकडूच होतं. कुठल्याही दालनात शिरताना, आतल्या माणसाची पाठ असली तर विशेषच, आधी आपलं नाव सगळ्या आडनावांसकट सांगायचं, मग मान लववायची. तिनं कासिल्दालाही हे शिकवलं होतं. पोरगी एवढीशी, आणि आडनावांची ही माळ. पाहुणे हसून हसून तिच्या ओंजळीत साखरेचे बदाम ओतायचे.

दालनात थंडी होती. लेओकादिया खुर्चीमागं उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "लेओकादिया मारिया दे ला त्रिनिदाद आरिसाबाल इ ओचोआ, पेन्यासोलाची काउंटेस."

बाहेर छिन्नी थांबली होती, म्हणून आवाज जरा मोठाच वाटला. काही झालं नाही. आत्यांनी डोळे टिपले. जिना उतरताना लेओकादियाला धाप लागली आणि कठडा धरून उभं राहावं लागलं.

"आपल्या घराण्याला दम लागतोच," आत्या म्हणाल्या. "खाणीची धूळ. तुझ्या बाबांना लागायचा, फेर्मिनला लागायचा."

बाबा आयुष्यात खाणीत उतरले नव्हते. फेर्मिन तर चौकसुद्धा ओलांडत नसे. तिच्या लग्नात तो उंबऱ्यापर्यंत आला होता आणि तिथूनच हात हलवला होता. तेव्हा ती रागावली होती.

३

ओलीचं कोडं तिला स्वस्थ बसू देईना. आत्या चर्चमध्ये मिसाला गेलेल्या पाहून तिनं किल्ली घेतली, दालन उघडलं, दुसरी फळीही ढकलली आणि खुर्चीच्या बाजूनं वाकून भिंत पाहिली.

चुन्यावर डाग होते. जुने, पिवळट, कडा करपल्यासारख्या. वर्षावर्षाला चुना फासूनही ते आतून वर आले होते. प्रत्येक डाग बशीएवढा, आणि एकही दुसऱ्याच्या उंचीला नाही. सर्वांत वरचा वाकलेल्या तिच्या कपाळाशी होता. एक त्याच्या बराच खाली. या खालच्याची कड अजून मऊ होती, बोट लावलं तर चुना निघत होता.

लेओकादियाचं डोकं ठिकाणावर होतं. तिनं आधी विचार केला, पलीकडे स्वयंपाकघराचं धुराडं असेल. पण पलीकडे काहीच नव्हतं. ही घराची दर्शनी भिंत. तिच्या बाहेरच्या अंगाला पाथरवट लटकत होता. मग नळ असेल. पण पाणी तर गाढवावरून यायचं, घागरींतून. मग तिनं सगळे विचार सोडले आणि नुसतं पाहत राहिली, आणि पाहता पाहता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, जी आली नसती तर बरं झालं असतं.

बाबा ताडमाड उंच होते. फेर्मिन बुटका होता, लहानपणी त्याला त्यावरून सगळे छळायचे. या खुर्चीत बाबा बसले असते, तर त्यांचं तोंड वरच्या डागासमोर आलं असतं. फेर्मिन बसला असता, तर खालच्या.

खुर्चीच्या हातांवरचा मुलामा जिथं पंजे येतात तिथं उडाला होता. बैठकीची मखमल मधोमध चपटी झाली होती, लव एका बाजूला निजलेली. राजासाठीची खुर्ची, जिच्यात कुणी कधी बसलं नव्हतं.

तिनं दुसरी फळी लावली. आवरून निघताना तिची नजर पुन्हा एकदा भिंतीवर गेली. दोन्ही डागांच्या मधल्या उंचीवर, स्वच्छ चुन्यावर, एक नवा ठिपका होता. तो ओला होता. तिच्या डोळ्यांदेखत त्याची कड किंचित फुगली, मग आकसली. पुन्हा फुगली.

ती श्वास रोखून पाहत होती. ठिपकाही थांबला.

४

"फेर्मिन शेवटी शेवटी कुठं बसायचा?" जेवताना तिनं विचारलं.

आत्या मक्याची भाकरी मोडत होत्या. "कुठं म्हणजे? घरात."

"वर बसायचा?"

"तिथं त्याला मोकळं वाटायचं." आत्यांनी मान वर केली नाही. "तुझ्या बाबांनाही. मी म्हणायची, अहो दादा, ती राजाची जागा. ते म्हणायचे, राजा कुठं येतोय. पुरुषमाणसांचं काय, दमली की बसतात."

"दिवसभर? भिंतीकडे तोंड करून?"

"लेओ, जेवताना तोंडाला लगाम घाल. लहानपणी घालत नव्हतीस, आता तरी घाल."

पण त्या भाकरी नुसतीच मोडत राहिल्या, एकही घास घेतला नाही. लेओकादियाला एकदम त्यांची कीव आली. ही बाई लग्न न करता या घरात राहिली, दोन पुरुषांना तिनं त्या खुर्चीत संपताना पाहिलं आणि दर सकाळी भिंत पुसली. तिला काय माहीत होतं आणि काय माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे तिचं तिलाच ठाऊक.

"आत्या, उद्याच निघू. सामान राहू दे."

"फेब्रुवारीतला मेणबत्त्यांचा सण तरी होऊ दे. मक्याचे तामाले वाफवायला सांगितलेत."

"उद्या," लेओकादिया म्हणाली. एवढं बोलून तिला पुन्हा धाप लागली. खालच्या मजल्यावर, दरवाज्याच्या जवळ गेलं की जास्तच. अंगणात कमी. जिन्याच्या वरच्या पायरीवर तर जवळजवळ नाहीच. तिनं हे मनात नोंदवलं आणि त्याच्याकडे कानाडोळा केला.

५

सकाळ कोवळ्या उन्हाची आणि बोचऱ्या वाऱ्याची होती. गाडीला चार खेचरं जोडली होती. गाडीवान सेलेदोनियो, बाबांच्या वेळचा माणूस, पट्टे आवळत होता.

"बसा काउंटेसबाई. पोरगी वाट बघत असेल."

"काउंटेस म्हणू नकोस. सरकार पकडून नेईल."

"नेऊ दे की. तिथं निदान बसून खायला मिळेल."

आत्यांनी शेवटी शपथ मोडलीच. मी मागाहून येते, म्हणाल्या. उंबऱ्यात शाल गुंडाळून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निरोपाचं दुःख नव्हतं. लेओकादियाला ते विचित्र वाटलं.

गाडी हलली. भिंतीवर पाथरवट होता. बुरूज नाहीसा झाला होता, कुत्र्याचं नुसतं शेपूट उरलं होतं. त्यानं वरूनच हाक मारली, "दोन्या, या दगडाला आतून ओल आहे. छिन्नी घसरते. असा दगड कधी पाहिला नाही." आणि बोलताना त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.

लेओकादियानं ती वाफ पाहिली. मग खेचरांकडे पाहिलं. चारही जनावरांच्या नाकांतून वाफेचे लोट निघत होते. सेलेदोनियो शीळ घालत होता, त्याची वाफ खांद्यावरून मागं येत होती. कोपऱ्यावर आतोले, मक्याची गरम पेज, विकणारी बाई ओरडत होती, तिच्या तोंडातूनही.

तिनं डावा, उघडा हात ओठांसमोर धरला आणि जोरानं फुंकर मारली. वाफ निघाली नाही. तळव्याला ऊबही लागली नाही. तिनं पुन्हा फुंकलं. छाती हलत होती, ओठ गोल होत होते, आणि हात गार तो गारच.

चौक ओलांडेपर्यंत तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. आपण घाबरलोय म्हणून असं वाटतंय, हे तिनं स्वतःला बजावलं. शहराच्या वेशीशी तिच्या नजरेपुढं काळं यायला लागलं. ती गाडीच्या दाराला धरून बसली आणि कासिल्दाचा चेहरा आठवत राहिली, एकेक करून, भुवई, पुढचा पडलेला दात, हातमोजा. पोहोचलो की सगळं ठीक होईल. नुसतं पोहोचायचं आहे. पण घर जसजसं मागं पडत होतं, तसतसं काहीतरी तिच्या घशातून ओढलं जात होतं, चरख्यावरच्या सुतासारखं, न तुटता.

सेलेदोनियोनं मागं वळून पाहिलं आणि त्याची शीळ थांबली. "बाई, निळ्या पडलात तुम्ही."

तिला बोलता येईना. तिनं फक्त हातानं खूण केली. तो खेचरं वळवू लागला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच क्षणी, फक्त गाडीचं तोंड घराकडे फिरलं एवढ्यावर, छातीत हवा शिरली.

दारात आत्या तशाच उभ्या होत्या. शाल गुंडाळून, वाट पाहत.

६

तिनं खुर्चीत बसायचं नाही असं ठरवलं, आणि बरेच दिवस पाळलं. अंगणात बसली, जिन्यावर बसली, मग दालनाच्या उंबऱ्यावर, मग आत, जमिनीवर, खुर्चीच्या पाठीला टेकून. एके दुपारी ती उठली आणि सरळ जाऊन बसली.

आणि श्वास आला. पोटापासून, भरपूर, गाडीच्या दिवसापासून पहिल्यांदा. चेहऱ्यापासून दोन वितींवर भिंत होती, गुडघे तिला टेकत होते, आणि तिच्या तोंडासमोरचा ओला डाग तिच्या छातीबरोबर फुगत होता आणि आकसत होता. सुटल्यासारखं वाटलं म्हणून ती रडली, आणि तसं वाटलं याची लाज वाटून आणखी रडली. बाबांनी इथं बसूनच तिच्या लग्नाला होकार दिला असेल. फेर्मिननं इथं बसून तिची वाट पाहिली असेल. तो कधी भेटीला आला नाही म्हणून तिनं त्याला घमेंडी म्हटलं होतं.

तिथं बसल्याबसल्या तिनं सगळं नीट विचारात घेतलं. सुटका नव्हती, हे तर झालं. पण तिला भिंतीनं धरलं ते किताबामुळं नाही, वंशामुळंही नाही. भाऊ मेला तेव्हा ती आग्वासकालिएंतेसला मजेत होती, द्राक्षाच्या मांडवाखाली पोरीला पळवत होती. तिनं इथं येऊन, या पाठीमागं उभं राहून, स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं, तेव्हा तिला धरलं. मग कासिल्दा इथं कधी आलीच नाही तर? ती आपल्याला कधी भेटणार नाही. आपला चेहरा विसरेल. पण धावेल, समुद्र पाहील, थंडीत तिच्या तोंडातून वाफ निघेल. त्या विचारानं लेओकादियाचं काळीज फाटत होतं आणि त्याच विचारानं ती टिकूनही होती.

तिनं सेलेदोनियोला वर बोलावलं. मान न वळवताच बोलली.

"माझ्या सासूबाईंना सांग, पोरीला इथं आणायचं नाही. मी आजारी पडले तरी नाही, मेले तरी नाही. मातीला सुद्धा नाही. समजलं?"

"समजलं, पण बाई..."

"निघ. आत्ताच्या आत्ता."

खेचरांचे खूर चौकातल्या दगडांवर वाजले आणि दूर गेले. त्या दिवसापासून तिला बरं वाटायला लागलं. आत्या सकाळी येत, झाडणीनं छत्र झटकत, तिच्यासमोर चॉकलेट धरत. भिंत पुसायला त्या आता हात घालत नव्हत्या.

७

मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी स्वयंपाकघरातून तामालेचा वास वर आला. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाजही आला. सेलेदोनियो परतला असेल, असं तिला वाटलं. मग अंगणात आत्यांचा आवाज, कधी नव्हे इतका आनंदाचा.

"या या! दोन्या रेमेडिओस, वाटेत किती दिवस काढलेत! मी तर सणाआधी याल म्हणून डोळे लावून बसले होते."

"अहो, बहिणीच्या मळ्यावर अडकलो," लेओकादियाच्या सासूबाई म्हणाल्या. "तुमचा निरोप मिळाला आणि त्याच दिवशी निघालो. आई इतकी आजारी, आणि लेकीनं घरी बसायचं? सेलेदोनियो कुठं दिसत नाही?"

"तो तुमच्याकडेच गेलाय की! लेओनं पाठवलं. चुकामूक झाली बघा. बरं झालं आलात. म्हटलं, पोरीला बघून तिच्या जिवात जीव येईल."

लेओकादियानं खुर्चीचे हात धरले. पंजे बरोबर उडालेल्या मुलाम्यावर बसले. ती उठली, भिंतीपासून तोंड बाजूला गेलं आणि हवा बंद झाली, नळी पिळावी तशी. गुडघे भिंतीवर आपटून ती मागं कोसळली. पुन्हा उठली, पुन्हा तेच. तिनं ओरडून पाहिलं. भिंतीसमोरून ओरडली तर आवाज चुन्यात मुरून जात होता. मान वळवून ओरडली तर आवाजच निघत नव्हता.

"कुठं आहे आई?" खालून कासिल्दाचा आवाज आला.

"वर. मोठ्या दालनात. जा, जा, धावत जा."

जिन्यावर छोटे बूट वाजू लागले. लेओकादियानं हात मागं काढून हवेत हलवले, नको, नको, खाली जा. बूट उंबऱ्याशी थांबले. पोरीला तिथून काय दिसलं असेल? उंच सोनेरी पाठ, छत्र, आणि बाजूनं हलणारा एक हात. त्या हाताला मोजा नव्हता.

आई बोलावतेय असंच तिला वाटलं असणार. तरी ती धावत आली नाही. ती चांगल्या घरची मुलगी होती, आणि आतल्या माणसाची पाठ होती. तिनं खुर्चीमागं येऊन पाय जुळवले. झग्याची सळसळ ऐकू आली, म्हणजे मानही लववली.

"कासिल्दा मारिया दे ला लुस मोंतेनेग्रो इ आरिसाबाल," ती एकही आडनाव न चुकता म्हणाली. मग थोडं थांबून, वाटेत आजीनं शिकवलेलं असावं, "पेन्यासोलाच्या काउंटेसची वारस."

लेओकादियाच्या छातीच्या उंचीवर, कोऱ्या चुन्यावर, लिंबाएवढा एक ओला ठिपका उमटला. तो भराभर फुगत होता, आकसत होता, धावत जिना चढून आलेल्या मुलासारखा.

"आई, बरोबर म्हटलं ना मी?" कासिल्दानं मागून विचारलं. तिला जराशी धाप लागली होती.

लेओकादियानं वर, आपल्या तोंडासमोर पाहिलं. तिचा डाग कडेकडेनं वाळायला लागला होता.